मावशीच्या किडनीतला खडा सांडपाण्याच्या नळीतही वाढतो

कुठल्याही जुन्या सार्वजनिक मुतारीत पाऊल टाकलं की आधी डोळ्यांत चरचरतं. मग नजर जाते भांड्याच्या तळाशी आणि नळीच्या तोंडाशी बसलेल्या पिवळट, खरबरीत थराकडे. नुसत्या ब्रशने तो निघत नाही, ॲसिड ओतावं लागतं. यावल तालुक्यात राहणाऱ्या माझ्या मावशीच्या किडनीतून काढलेल्या खड्याचा तपासणी अहवाल आला, तेव्हा त्यावर ‘स्ट्रुव्हाइट’ असं नाव छापलेलं होतं. मुतारीतल्या त्या थरात हाच पदार्थ असतो. मोठ्या शहरांच्या मैलाशुद्धीकरण केंद्रांत जाडजूड नळ्या आतून बुजवून टाकतो तोही हाच.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. मुतखडा आपल्या खान्देशात घरोघरी आहे आणि त्यावर सल्लेही घरोघरी मिळतात. पण सगळे खडे एका जातीचे नसतात, आणि मावशीला झालेली जात ओळखायला उशीर झाला तर किडनी जाते. हे नीट समजावून सांगायचं तर किडनी आणि गटार या दोन्हींत डोकावावं लागेल.

आधी खडा मुळात बनतो कसा ते पाहू. घरी खडीसाखर केली असेल तर हे लगेच कळेल. गरम पाण्यात मावेल तेवढी साखर विरघळवायची, त्यात दोरा सोडायचा आणि भांडं हलवायचं नाही. पाणी उडत जातं, साखर मावेनाशी होते आणि दोऱ्याला धरून खडे वाढतात. लघवी म्हणजे असाच पातळ पाक आहे. तिच्यात कॅल्शियम, ऑक्झलेट, फॉस्फेट, मॅग्नेशियम, युरिक आम्ल असं बरंच काही विरघळलेलं असतं. पाणी पुरेसं असेपर्यंत सगळं गुण्यागोविंदाने नांदतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो, अंगातलं पाणी घामावाटे निघून जातं, लघवी थोडी आणि गडद होते आणि पाक दाट होतो.

बहुतेक लोकांचा खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो. त्याबद्दल दोनच गोष्टी सांगतो, कारण त्यांवरून आपल्याकडे फार गैरसमज आहेत. बोअरच्या पाण्याने बादलीवर पांढरा थर बसतो, तोच पोटात जाऊन खडा होतो असं समजून कितीतरी लोक पाणीच कमी पितात. तो थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, किडनीतल्या खड्याचं रसायन वेगळं. पिण्याजोगं पाणी जड असलं तरी भरपूर प्यावं, कमी पिण्यात जास्त धोका आहे. इटलीतल्या बोर्गी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पाच वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकदा खडा होऊन गेलेल्यांपैकी ज्यांना भरपूर पाणी प्यायला लावलं त्यांच्यात सुमारे १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला, बाकीच्यांत सुमारे २७ टक्क्यांना. दुसरा गैरसमज दूध-दह्याचा. खाण्यातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून टाकतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. याच गटाने २००२ मध्ये दाखवलं की कॅल्शियम नेहमीइतकं ठेवून मीठ आणि मांसाहार कमी करणाऱ्यांना, दूध तोडणाऱ्यांपेक्षा कमी वेळा खडे झाले. लोणचं, पापड, शेवभाजीचा खारट रस्सा, हात आखडायचा तो इथे.

आता मावशीच्या खड्याकडे येतो. त्याची गोष्ट वेगळी आहे.

स्ट्रुव्हाइट तीन घटकांचा बनतो: मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट. चुलीचे तीन दगड समजा. एक काढला की भांडं बसत नाही. शिवाय चौथी अट अशी की द्रव अल्कधर्मी हवा. पीएच मोजतात त्यात ७ म्हणजे मधोमध, त्याखाली लिंबाची बाजू, त्यावर सोड्याची बाजू. निरोगी लघवी साधारण ६ च्या आसपास, म्हणजे लिंबाच्या बाजूला असते. स्ट्रुव्हाइट जमायला ७.२ च्या वर जावं लागतं. आपल्या लघवीत मॅग्नेशियम आणि फॉस्फेट रोजच असतं. अमोनियमही थोडं असतं, पण शरीराची रचना अशी की अमोनियम वाढतं तेव्हा लघवी आम्ल असते. अमोनियम भरपूर आणि लघवीही अल्कधर्मी, हा योग निरोगी माणसात जुळून येत नाही.

तो जुळवून आणतात जंतू.

शेतकऱ्याला युरिया सांगायची गरज नाही. गोणीतला युरिया आणि आपल्या लघवीतला युरिया रेणूपुरता तंतोतंत एक आहे. मोठं माणूस रोज साधारण २० ते ३० ग्रॅम युरिया लघवीवाटे बाहेर टाकतं. नुसत्या पाण्यात तो वर्षानुवर्षं टिकेल. पण काही जंतूंकडे युरिएझ नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते युरियाचे बघता बघता तुकडे करतं: अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड. सकाळी गोठ्याचं दार उघडल्यावर जो भपकारा येतो तो याच कामाचा. उन्हात तापलेल्या जमिनीवर युरिया टाकून पाणी दिलं नाही तर खत हवेत उडून जातं, तेही मातीतल्या युरिएझमुळेच. हे विकर १९२६ मध्ये अमेरिकेत जेम्स समनर यांनी अबईच्या जातीच्या एका शेंगेतल्या दाण्यांपासून स्फटिकरूपात वेगळं केलं. सतराव्या वर्षी शिकारीतल्या अपघातात त्यांचा एक हात गेला होता. विकर म्हणजे प्रथिन असतं हे त्यांचं म्हणणं पटवून घ्यायला जगाला बरीच वर्षं लागली. १९४६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

लघवीच्या मार्गात युरिएझवाला जंतू शिरला की चित्र पालटतं. यातला सर्वात कुख्यात प्रोटियस. लघवीच्या जंतुसंसर्गात नेहमी सापडणारा ई. कोलाय सहसा हे विकर बनवत नाही, म्हणून प्रत्येक संसर्गातून खडा होत नाही. पण प्रोटियस, क्लेबसिएला असे जंतू ठाण मांडून बसले की अमोनिया तयार होत राहतो, पाण्यात मिसळून त्याचंच अमोनियम होतं, लघवी सोड्याच्या बाजूला सरकते आणि चुलीचे तिन्ही दगड एका जागी येतात. स्फटिक पडू लागतात. जंतू त्याच स्फटिकांत स्वतःला लिंपून घेतात आणि आत सुरक्षित राहतात. गोळ्यांनी लघवीतले जंतू मरतात, खड्याच्या पोटातले मरत नाहीत. गोळ्या थांबल्या की ते पुन्हा बाहेर येतात.

मावशी कापूस वेचायला जाते, केळीच्या बागेत मजुरीलाही जाते. वेचणीच्या दिवसांत सकाळी सातला निघालेली बाई संध्याकाळी परतते. रानात आडोसा नसतो, सोबत पुरुष मजूर असतात. म्हणून या बाया पाणीच पीत नाहीत, आणि लघवी लागली तरी दाबून धरतात. मूत्राशय वेळेवर रिकामं झालं नाही की जंतूंना वाढायला सवड मिळते. वर्षातून तीन-चारदा मावशीला जळजळ व्हायची. घरात म्हणायचे, उन्हाळी लागली. सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी व्हायचं, आणि नाहीच थांबलं तर मेडिकलवरून तीन दिवसांच्या गोळ्या आणि आग शमवणारं गोड औषध यायचं. दोन वर्षांत तिने तीन दवाखाने पाहिले. लघवीचं कल्चर, म्हणजे कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधाला दबतो याची तपासणी, एकदाही झाली नाही. ही खंत मला अजून आहे, आणि त्यात मीही आलो. विचारायला मी होतो, विचारलं नाही.

त्या गोड औषधाबद्दल थांबून सांगायला हवं. अशा बहुतेक बाटल्यांत सायट्रेट असतं, ते लघवी अल्कधर्मी करतं. युरिक आम्लाच्या आणि बऱ्याचदा कॅल्शियम ऑक्झलेटच्या खड्यात सायट्रेट खरोखर उपयोगी आहे. युरिएझवाल्या जंतूच्या संसर्गात मात्र लघवी आधीच नको तेवढी अल्कधर्मी झालेली असते, तिथे ते औषध देऊ नये असं शास्त्र सांगतं. एका खड्याचा उपाय दुसऱ्या खड्याला खतपाणी ठरू शकतो. म्हणून खडा पडला तर फेकू नये, धुऊन डबीत ठेवावा आणि तपासायला द्यावा.

शेवटी पाठीत सतत दुखतं, थकवा जात नाही म्हणून सोनोग्राफी झाली, मग सीटी स्कॅन. पडद्यावर जे दिसलं ते पाहून मला आल्याचा गड्डा आठवला. किडनीच्या आत लघवी गोळा करणाऱ्या कप्प्यांचा जसा आकार, तसाच खडा सगळीकडे फांद्या काढून बसला होता. इंग्रज डॉक्टरांना यात सांबराची शिंगं दिसली, तसंच त्याचं नाव पडलं. कॅल्शियमचा छोटा खडा नळीत अडकला की माणूस गडाबडा लोळतो. हा खडा जागच्या जागी वाढतो, त्यामुळे कळ फारशी येत नाही, आणि काही महिन्यांत किडनी भरून टाकू शकतो. १९७६ मध्ये ब्लँडी आणि सिंग या शल्यविशारदांनी लिहिलं की असा खडा तसाच ठेवलेल्या रुग्णांपैकी सुमारे २८ टक्के दहा वर्षांत दगावले होते. शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण बरंच कमी, सुमारे ७ टक्के होतं.

इथे कुळथाचं कढण, पानफुटीची पानं यांचा विषय निघतोच. पाच मिलिमीटरच्या आतले बरेचसे खडे पाण्याबरोबर आपोआप पडतात, आणि श्रेय त्या आठवड्यात जे प्यायलं असेल त्याला मिळतं. कढण प्यायला माझी हरकत नाही, त्यातून पाणी तरी पोटात जातं. पण आल्याच्या गड्ड्याएवढा खडा कढणाने विरघळत नाही, आणि वाट पाहण्यात किडनीचे दिवस जातात.

मावशीची पीसीएनएल झाली. पाठीतून बोटाएवढ्या छिद्रातून दुर्बीण घालतात, खडा फोडतात आणि तुकडे ओढून काढतात. ही पद्धत १९७६ मध्ये स्वीडनमधल्या डॉक्टरांनी प्रथम मांडली. दोन बैठका लागल्या. डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं, ‘‘एक कण राहिला तरी त्यात जंतू आहेत. तो बियाण्यासारखा पुन्हा उगवेल.’’ शेतकऱ्याच्या घरात याहून सोपं कुणी सांगितलं नसतं. त्यानंतर वर्षभर ठरावीक काळाने लघवीचं कल्चर करायला सांगितलं, आणि मावशीने ते केलं.

लघवीसाठी कायमची नळी लावलेली वयस्कर माणसं आपल्या ओळखीत असतात. ती नळी वारंवार तुंबते, पिशवीत लघवी उतरत नाही आणि पोट फुगतं. बऱ्याचदा कारण हेच असतं. प्रोटियस नळीच्या आतल्या बाजूला चिकटतो, लघवी अल्कधर्मी करतो आणि काही दिवसांत नळीला आतून स्फटिकांचं अस्तर लावतो. नळी ‘खराब निघाली’ म्हणून घरातली माणसं चिडतात. कितीही चांगली नळी घाला, आत तो जंतू असेल तर ती पुन्हा तुंबेल. जंतूचा शोध घ्यायला हवा.

या नळीपासून मैलाशुद्धीकरण केंद्राच्या नळीपर्यंत अंतर फार नाही.

या स्फटिकाचा इतिहासही असाच किडनी आणि गटार यांच्यामधून ये-जा करतो. १७९७ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम वॉलस्टन यांनी मूत्राशयातल्या खड्यांची रासायनिक चिरफाड केली आणि त्यांतल्या काहींत मॅग्नेशियम, अमोनिया आणि फॉस्फेट असल्याचं दाखवलं. नाव मात्र पुढे पन्नासेक वर्षांनी जर्मनीत हॅम्बुर्गला मिळालं. १८४२ मध्ये त्या शहरात मोठी आग लागली. सेंट निकोलस चर्च नव्याने बांधताना खोदकामात जुन्या शेणाच्या थरात सुंदर स्फटिक सापडले. उलेक्स या रसायनतज्ज्ञाने त्यांना फॉन स्ट्रुव्हे या निसर्ग अभ्यासकाचं नाव दिलं. योगायोग असा की याच शहरात १६६९ मध्ये हेनिग ब्रांड याने लघवी आटवून आटवून फॉस्फरस शोधला होता.

मोठ्या केंद्रांत सांडपाण्याचा गाळ एका बंद टाकीत कुजवतात. आपल्या गोबरगॅससारखीच टाकी, फक्त फार मोठी. हवा नसल्याने गाळातले जंतू साठवलेलं फॉस्फेट सोडून देतात, प्रथिनं कुजून अमोनिया होतो. आत कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो तोवर द्रवाचा पीएच फार वर जात नाही आणि काही बिघडत नाही. मग तो पंपातून, वळणावरून पुढे जातो, खळखळतो आणि सोड्याची बाटली उघडावी तसा वायू निघून जातो. पीएच तिथल्या तिथे वर चढतो आणि नेमक्या त्याच जागी, पंपाच्या पात्यांवर, नळीच्या कोपरात स्ट्रुव्हाइट जमतं. लॉस एंजेलिसच्या हायपेरियन केंद्रात १९६० च्या दशकात याने नळीचा आतला व्यास निम्म्यावर आणला होता. अभियंते ॲसिडने नळ्या धुतात, किंवा लोहाचे क्षार टाकून फॉस्फेट आधीच बांधून टाकतात. म्हणजे चुलीचा एक दगड काढून घेतात.

पुढचा विचार मला सगळ्यात आवडतो. हा स्फटिक जमणारच असेल तर तो आपल्या सोयीच्या जागी का जमू देऊ नये? सांडपाण्यात अमोनिया आणि फॉस्फेट मुबलक, मॅग्नेशियम तेवढं कमी पडतं. मग नरसाळ्यासारख्या उंच टाकीत ते पाणी खालून सोडायचं, बाहेरून मॅग्नेशियम क्लोराइड घालायचं, पीएच वाढवायचा. साबुदाण्यासारखे दाणे वाढतात आणि तळाशी बसतात. जपानमध्ये शिमाने प्रांतात १९९८ पासून, अमेरिकेत ओरेगॉनला २००९ पासून आणि शिकागोच्या अवाढव्य स्टिकनी केंद्रात २०१६ पासून असे दाणे काढून खत म्हणून विकले जाऊ लागले. किडनीतही अन् इथेही चूल तीच. किडनीत तिसरा दगड जंतू आणून ठेवतो, इथे माणूस.

खत म्हणून हिशेब असा: नत्र (नायट्रोजन) सुमारे ५.७ टक्के, स्फुरद (फॉस्फरस, खताच्या गोणीवर मोजतात तसा) सुमारे २९ टक्के, मॅग्नेशियम सुमारे १०. डीएपीत नत्र १८ आणि स्फुरद ४६, पण डीएपी पाण्यात झटकन विरघळतं. स्ट्रुव्हाइट हळूहळू विरघळतं, म्हणून पावसात तितकं वाहून नदीत जात नाही. जगातला सुमारे ७० टक्के स्फुरद-खडक मोरोक्कोकडे आहे आणि भारत बहुतेक गरज आयातीवर भागवतो. इकडे घरगुती सांडपाण्यात लघवीचं आकारमान जेमतेम एक टक्का असतं, पण त्यातला सुमारे निम्मा फॉस्फरस आणि जवळपास ८० टक्के नायट्रोजन लघवीतूनच येतो. तापी-गिरणेच्या खोऱ्यात हा फॉस्फरस नाल्यांतून पुढे जातो, साचलेल्या पाण्यात शेवाळ आणि जलपर्णी पोसतो. खताच्या गोणीसाठी आपण रांगेत उभे असतो तेव्हा खत गावाबाहेरच्या नाल्यातून वाहत असतं.

हे मोठ्या यंत्रांशिवायही जमतं. काठमांडूजवळच्या सिद्धिपूर गावात स्विस आणि नेपाळी संशोधकांनी लघवी वेगळी साठवून, त्यात मॅग्नेशियमचा क्षार मिसळून, हाताने ढवळून आणि कापडातून गाळून स्ट्रुव्हाइट काढलं. त्यातल्या अडचणीही त्यांनी लपवल्या नाहीत. ९० टक्क्यांहून अधिक फॉस्फरस हाती येतो, पण नायट्रोजन बहुतेक सगळा पाण्यातच राहतो, कारण लघवीत तो फॉस्फरसच्या कितीतरी पट असतो. जंत-जंतू मरावेत म्हणून दाणे नीट वाळवावे लागतात.

आपल्यासाठी आणखी एक अडचण आहे आणि ती मी शेतकरी मित्रांना आधीच सांगतो. स्ट्रुव्हाइट आम्ल जमिनीत चांगलं विरघळतं. आपली काळी जमीन चुनखडीची, पीएच ८ च्या आसपास. तिथे मोठे दाणे फार सावकाश विरघळतील, म्हणून बारीक करून मुळांजवळ द्यावे लागतील. आणि केळीला सगळ्यात जास्त हवं असतं पालाश, ते यात नाहीच. रावेर-यावलच्या बागायतदाराची खताची गरज यावर भागणार नाही. पण आज नाल्यात जाणारा स्फुरदाचा वाटा परत मिळू शकतो, आणि तोही छोटा नाही.

गेल्या मे महिन्यात मावशी आमच्याकडे आली होती तेव्हा मी तिला हे करून दाखवलं. आठवडाभर झाकून ठेवलेली बाटलीभर लघवी, उन्हाने तिच्यातल्या जंतूंनी आपलं काम केलेलं, बूच उघडताच गोठ्याचा वास. केळीला देतात तेच मॅग्नेशियम सल्फेट कृषी केंद्रातून आणलं होतं, त्याचा चमचाभर पाण्यात विरघळवून ओतला. काही क्षणांत बाटली दुधाळ झाली. आम्ही चहा घेईपर्यंत तळाशी पांढरी बारीक रेती बसली. मावशीने बाटली उचलून उजेडात धरली, हलवली, रेती पुन्हा बसताना पाहिली.

‘‘माझ्या पोटात हेच होतं का रे?’’

‘‘हेच.’’

तिने बाटली ठेवली, साबणाने हात धुतले आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. या हंगामात ती आणि तिच्या सोबतच्या चार बायका बांधाला जुन्या साड्यांचा आडोसा करून घेणार आहेत. जागामालकाशी बोलणं झालं आहे, बांबू मी नेऊन देणार आहे.